घरभर नेट, पण बेताच्या खर्चात : मेश वाय-फाय घेण्यापूर्वी

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



लागणीची नोंद घ्यायला आमचा शेतकी विभाग आपल्या दारी येतो, तेव्हा पूर्वी बोलणे व्हायचे ते बेण्याचे, खताचे आणि तोडीच्या तारखेचे. आताही होते. पण गेल्या दोन-चार हंगामांत त्यात एका नव्या विषयाची भर पडली आहे. नोंद झाली, चहा आला, की घरमालक हळूच विचारतात, "साहेब, ते मेश का काय म्हणतात ते घ्यावं का? सोप्यात नेट झकास चालतंय, मागल्या खोलीत मात्र फोनवर नुसतं चक्र फिरत बसतंय."

प्रश्न उसाचा नसला तरी त्यात जाणारा पैसा उसाचाच आहे. पहिली उचल खात्यावर जमा झाली की घरातली पोरे मोबाइलवर जाहिराती दाखवतात, दुकानदार तीन डब्यांचा संच पुढे करतो आणि दहा-पंधरा हजार रुपये सहज जातात. त्यातून काम झाले तर तक्रार नाही. पण अनेक घरी पैसे गेले आणि मागली खोली होती तशीच राहिली. म्हणून या अंकात हा विषय सविस्तर मांडत आहे. सांगायची गोष्ट थोडक्यात अशी : मेशमध्ये पैसा घालायचा तो डब्यांच्या संख्येत नव्हे, तर एका डब्यापासून दुसऱ्या डब्यापर्यंत नेट कसे पोहोचते, त्या दुव्यात घालायचा.

धरणात पाणी आहे का, ते आधी पाहा

नेट मंद आहे म्हणजे वाय-फाय खराब आहे, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बाहेरून फायबरच्या तारेने घरापर्यंत येते ती जोडणी, आणि त्या डब्यापासून आपल्या फोनपर्यंत हवेतून येते ते वाय-फाय. धरणातच पाणी नसेल तर चारी दुरुस्त करून शिवार भिजत नाही. तसेच जोडणीच मंद असेल तर घरात मेशचे पाच डबे लावूनही उपयोग नाही.

तपासणी सोपी आहे. कंपनीने बसवलेल्या डब्याजवळ एक-दोन मीटरवर उभे राहा. घरातले बाकीचे फोन आणि टीव्ही बंद ठेवा. फोनवर वेग मोजणारे कोणतेही मोफत ॲप चालवा आणि आकडा वहीत लिहा. सकाळी एकदा आणि रात्री आठ ते दहाच्या दरम्यान एकदा, असे तीन दिवस करा. आपण ५० एमबीपीएसचे पैसे भरतो आणि डब्याजवळ ४०-४५ मिळतात, तर जोडणी ठीक आहे. डब्याजवळच ८-१० मिळत असतील, तर कंपनीकडे तक्रार नोंदवा. मेशचा विचार त्यानंतर.

डब्यावर 'एलओएस' नावाचा दिवा लाल झाला असेल तर फायबर कुठेतरी तुटला किंवा मुडपला आहे. आपल्याकडे हंगामात उसाने भरलेली ट्रॉली गल्लीतून जाताना लोंबती तार ओढून नेते, हे नवीन नाही. तार जरा उंच आणि ताणून घ्यायला कंपनीच्या माणसाला सांगा.

किती वेग लागतो, याचाही अंदाज असावा. स्वच्छ चित्राच्या एका सिनेमाला साधारण ५ एमबीपीएस लागतात, व्हिडिओ कॉलला त्याहून कमी. केंद्र सरकारने २०२३ साली ब्रॉडबँड म्हणवून घेण्यासाठी किमान २ एमबीपीएस वेग ठरवला, पूर्वी तो ५१२ केबीपीएस होता. म्हणजे चार-पाच माणसांच्या घराला ५० ची जोडणी पुष्कळ झाली. ती मागल्या खोलीपर्यंत पोहोचत नाही, ही खरी अडचण आहे.

भिंत किती खाते

वाय-फाय म्हणजे रेडिओच्या लहरी. घरात त्या मुख्यतः दोन पट्ट्यांत चालतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. आपल्या देशात २.४ च्या पट्ट्याला २००५ पासून परवाना लागत नाही. ५ चा बराच मोठा पट्टा २०१८ साली खुला झाला. २.४ ची लहर भिंतीतून पुष्कळशी पार जाते, पण तिचा वेग कमी आणि तिथे गर्दीही फार, कारण शेजाऱ्यापाजाऱ्यांचे डबे त्याच पट्ट्यात बोलत असतात. ५ ची लहर वेगवान, पण भिंत आली की लवकर दमते.

आता आपली घरे बघा. जुना वाडा असेल तर दगड-मातीची दोन-अडीच फुटांची भिंत. नवा बंगला असेल तर सळयांनी भरलेला स्लॅब. मळ्यातली वस्ती असेल तर वर आणि बाजूला पत्रा. यातला पत्रा सर्वांत वाईट. धातूवरून लहर परत फिरते, पलीकडे जातच नाही. लोखंडी कपाट, फ्रीज, मोठा आरसा यांचेही तेच. पाणीसुद्धा लहर खाते, म्हणून पाण्याच्या टाकीआड डबा ठेवू नये. शहरातल्या फ्लॅटचा हिशोब करून डब्यावर 'इतक्या चौरस फुटांसाठी' असे छापलेले असते. तो आकडा आपल्या वाड्याला लागू पडत नाही.

माती परीक्षणासारखी मोजणी

माती परीक्षण न करता खताच्या गोण्या आणू नयेत, हे आम्ही आपणांस वर्षानुवर्षे सांगत आलो. इथेही तोच नियम. अँड्रॉइड फोनवर वाय-फायची ताकद मोजणारी मोफत ॲप मिळतात. ॲपलच्या फोनवर अशी ॲप नीट चालत नाहीत, तेव्हा घरातला साधा अँड्रॉइड फोन घ्या. ॲप 'डीबीएम' या मापात आकडा दाखवते आणि तो उणे असतो. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल बिनधोक चालतो. उणे ७० च्या पुढे अडखळू लागतो. उणे ८० म्हणजे असून नसल्यासारखे.

या मापाची एक खोच लक्षात ठेवावी. आकडा ३ ने घसरला की ताकद निम्मी होते, १० ने घसरला की एक-दशांश. उणे ५० वरून उणे ८० वर आलात, म्हणजे हजारातला एक भाग उरला. त्यामुळे एका भिंतीआड आकडा कितीने पडतो, ते पाहिल्यावर गुन्हेगार भिंत कोणती, हे कळून येते.

कागदावर घराचा साधा नकाशा काढा. सोपा, माजघर, स्वयंपाकघर, मागची खोली, माडी, परडे, गोठा. प्रत्येक ठिकाणी उभे राहून दोन्ही पट्ट्यांचा आकडा लिहा. दारे रोज असतात तशीच ठेवा, उघडी असतील तर उघडी, बंद असतील तर बंद. सारे काम अर्ध्या तासाचे आहे आणि घरातले नववी-दहावीचे पोर ते हौसेने करते. हा कागद हातात असल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका.

बिनपैशाचा उपाय

कंपनीचा माणूस जोडणी द्यायला येतो, तेव्हा जिथे तार आत येते तिथेच डबा ठोकून मोकळा होतो. बहुतेक वेळा ती जागा म्हणजे पुढच्या खोलीचा कोपरा, टीव्हीच्या मागे. अर्धे वाय-फाय रस्त्यावर जाते आणि उरलेले टीव्हीवर आपटते. मेशवर खर्च करण्याआधी हा डबा घराच्या मध्याकडे घ्या. फायबरची तार दहा-वीस मीटर वाढवल्याने वेग कमी होत नाही. कंपनीचा माणूस ती वाढवून देतो. मात्र तार काटकोनात मुडपू देऊ नका, आत काच असते.

डबा जमिनीवर नको, कपाटात नको. माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, उघड्या फळीवर ठेवा. दुमजली घर असेल तर जिन्याजवळ ठेवा. स्लॅबमधून लहर कशीबशी जाते, जिन्याच्या मोकळ्या जागेतून सहज जाते.

जागा बदलल्यावर पुन्हा मोजणी करा. साध्या चार-पाच खोल्यांच्या घरात इथेच काम भागते आणि एक रुपयाही लागत नाही. भागले तर हा लेख इथेच बाजूला ठेवावा, आमची हरकत नाही.

मेश म्हणजे नेमके काय

डबा हलवूनही मागच्या दोन खोल्या कोरड्या राहिल्या, तर दुसरा डबा लागणार. वाय-फायचे पहिले प्रमाण १९९७ साली ठरले. अनेक डब्यांनी आपसांत जाळे विणायचे प्रमाण २०११ साली आले आणि घरगुती वापराचे मेश संच २०१६ पासून बाजारात रुळले. मेश म्हणजे जाळे. दोन किंवा तीन डबे एकाच नावाने, एकाच पासवर्डने चालतात. आपण सोप्यातून माडीवर गेलो की फोन आपोआप जवळचा डबा पकडतो. नाव बदलून पुन्हा जोडायची कटकट राहत नाही. एकाच ॲपमधून सगळ्या डब्यांची देखभाल होते.

इथवर सर्व छान. पण दुसऱ्या डब्याजवळ नेट तयार होत नाही, हे विसरू नका. ते पहिल्या डब्याकडूनच यावे लागते. आणि तार नसेल, तर ते त्याच भिंतीतून यावे लागते, जी आपल्या फोनला आडवी येत होती.

म्हणून कोरड्या खोलीत दुसरा डबा ठेवणे म्हणजे कोरड्या विहिरीवर मोटर बसवणे. डबा वीज घेतो, दिवा लागतो, फोनवर सगळ्या काड्या भरलेल्या दिसतात. पण त्या काड्या फोन आणि जवळचा डबा यांच्यातल्या. मागे दोन डब्यांमध्ये काय हाल आहेत, ते काड्या सांगत नाहीत.

नदीकाठच्या एका गावात आमच्या एका सभासदांच्या वाड्यात हेच झाले होते. सोपा, माजघर, मग चौक, मग मागची खोली. मागच्या खोलीत मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायची. तिचा क्लास रात्री साडेआठला मोबाइलवर. नेट तिथे येत नसल्याने ती पुढच्या ओसरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गडबडीत, डास मारत बसायची. वडिलांनी तीन डब्यांचा संच आणला. पहिला सोप्यात, दुसरा माजघरात, तिसरा मुलीच्या खोलीत. आम्हाला म्हणाले, "साहेब, तिसरा डबा बी आणला, पर क्लास सुरू झाला की मास्तर मधीच थिजतोय. पोरगी परत ओसरीवर."

म्हटले, "आण्णा, डबा कमी नाही, वाट कमी आहे." माजघराच्या दोन्ही बाजूंना दगडी भिंती. तिथून तिसऱ्या डब्यापर्यंत पोहोचायचे ते उणे ८० च्या पुढे. त्यांनी बावीस मीटर लॅन केबल आणली, माळ्यावरून आणि चौकाच्या वळचणीने पाइपातून नेली आणि सोप्यातल्या डब्यापासून थेट मुलीच्या खोलीतल्या डब्यात खोचली. केबल, पाइप आणि दोन टोकांची जोडणी मिळून खर्च हजाराच्या आत. मधल्या डब्याची गरजच राहिली नाही. तो मुदतीत दुकानदाराला परत गेला. मुलगी आपल्या खोलीत, दार लावून बसू लागली.

हवेतला दुवा आणि तारेचा दुवा

वरच्या उदाहरणाचे कारण समजून घेऊ. स्वस्त संच दोन पट्ट्यांचे असतात. दुसरा डबा ५ च्या पट्ट्यात पहिल्याकडून ऐकतो आणि त्याच पट्ट्यात आपल्या फोनला सांगतो. एकाच वेळी ऐकणे आणि बोलणे जमत नाही. एकेरी पुलावर आधी इकडची वाहने, मग तिकडची, तसा हा प्रकार. त्यामुळे हवेतल्या प्रत्येक टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो, आणि भिंतीचा तोटा वेगळाच. दोन टप्पे झाले की चौथा हिस्सा.

महाग संचात दोन डब्यांच्या आपसातल्या बोलण्यासाठी तिसरा पट्टा वेगळा राखलेला असतो. निम्मे होण्याचा तोटा त्यामुळे टळतो. पण दगडी भिंत त्या तिसऱ्या पट्ट्यालाही तितकीच आडवी येते. त्यासाठी दुप्पट पैसे मोजण्यापेक्षा केबल ओढणे केव्हाही शहाणपणाचे. मातीच्या पाटाने पाणी नेले तर वाटेत निम्मे मुरते, पुरलेल्या पाइपलाइनने नेले तर शेवटच्या सरीला भरपूर मिळते. तोच हिशोब.

केबल घेताना 'कॅट ६' मागावी. हिच्यातून १०० मीटरपर्यंत १००० एमबीपीएस बिनतक्रार जातात. शुद्ध तांब्याची केबल मीटरला साधारण पंचवीस-तीस रुपयांना मिळते. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबलही बाजारात असते. ब्लेडने तार खरवडून पाहा. आत चंदेरी दिसली तर घेऊ नका. विजेच्या वायरीच्याच पाइपातून लॅन केबल नेऊ नका, स्वतंत्र पाइप टाका. नवे घर बांधत असाल तर प्लास्टर होण्याआधी प्रत्येक मजल्याला एक रिकामा पाइप टाकून ठेवा. पुढच्या वीस वर्षांत काय येईल ते येवो, वाट तयार राहील.

केबल ओढणे अगदीच अशक्य असेल, तर दुसरा डबा कोरड्या खोलीत नव्हे, अर्ध्या वाटेवर ठेवा, जिथे मोजणीत उणे ६० ते ६५ आकडा येतो. तिथून त्याला धड ऐकू येते आणि पुढे धड सांगता येते.

आणखी एक स्वस्त तोड आहे. घरात जुना चालू राउटर पडून असेल, तर केबलने जोडून तो 'ॲक्सेस पॉइंट' म्हणून लावता येतो. नाव आणि पासवर्ड पहिल्या डब्याचाच द्या. फोन एका डब्यावरून दुसऱ्यावर जाताना थोडा रेंगाळेल, मेशइतके सफाईने होणार नाही. पण खर्च फक्त केबलचा.

डब्यावरचे आकडे

डब्यावर मोठ्या अक्षरांत 'एसी १२००', 'एएक्स १८००', 'एएक्स ३०००' असे लिहिलेले असते. हा आकडा म्हणजे दोन्ही पट्ट्यांच्या वेगांची बेरीज. एसी १२०० म्हणजे २.४ वर ३०० आणि ५ वर ८६७, मिळून ११६७, पुढे ओढून १२००. आपला फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, त्यामुळे ही बेरीज फोनला कधीच मिळत नाही. दोन विहिरींच्या पाण्याची बेरीज सांगून एका नळीचे पैसे घ्यावेत, तसे आहे. शिवाय छापील वेगाच्या निम्म्याच्या आसपासच प्रत्यक्षात हाती येतो. तरीही ५० किंवा १०० च्या जोडणीला तो पुरून उरतो.

पिढीचा आकडाही पाहावा. 'एसी' म्हणजे वाय-फाय ५, 'एएक्स' म्हणजे वाय-फाय ६. वाय-फाय ७ चे प्रमाणीकरण २०२४ पासून सुरू झाले. आपल्या घरात दहा-बारा उपकरणे असतील आणि जोडणी १०० च्या आत असेल, तर वाय-फाय ५ पुरे. एकत्र कुटुंब मोठे आहे, वीस-पंचवीस फोन-टीव्ही-कॅमेरे आहेत आणि फोन नवे आहेत, तर वाय-फाय ६ घ्यावे. वाय-फाय ७ साठी आज उसाचा पैसा घालायचे कारण दिसत नाही.

तिसरा आकडा बारीक अक्षरांत, बहुधा खोक्याच्या मागे असतो आणि तोच कामाचा. तो म्हणजे केबल खोचायच्या भोकाचा, पोर्टचा वेग : १०० की १०००. टीपी-लिंकच्या 'डेको ई४' मध्ये तो १०० आहे, 'डेको एम४' मध्ये १०००. मर्क्युसिसच्या 'हेलो एच३०' मध्ये १००, 'एच३०जी' मध्ये १०००. नावांत फरक एका अक्षराचा, म्हणून खोके वाचूनच घ्या. आपली जोडणी ५० ची असेल आणि वाढवायचा विचार नसेल, तर १०० चा पोर्टही चालतो. किमतीतला फरक थोडा असेल तर १००० चा घ्यावा, कारण जोडणी वाढवली तरी डबे बदलावे लागत नाहीत.

किती डबे, किती पैसे

बहुतेक घरांना दोन डबे पुरतात. वाय-फाय ५ चे दोन डब्यांचे नामांकित संच साधारण पाच ते आठ हजारांत बसतात; वाय-फाय ६ ला त्याहून जास्त पडतात. आधी दोन घ्या, बसवा, मोजा. कमी पडलेच तर त्याच जातीचा तिसरा डबा सुटा मिळतो. वेगवेगळ्या कंपन्यांचे डबे सहसा एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा सुरुवात करतानाच सुटा डबा मिळणारी जात निवडा. प्रत्येक डब्याला निदान दोन पोर्ट असावेत. पक्की पावती, हमीची मुदत आणि परत करण्याची मुदत विचारूनच पैसे द्या. सणाच्या सवलतीत खूप जुना माल काढतात. कंपनी त्या डब्याला सुरक्षेची सुधारणा अजून पुरवते का, तेही विचारा.

दोघा भावांच्या घरांत मधे एकच भिंत असते आणि एक जोडणी दोघांत वापरायचा बेत होतो. तार ओढून दुसरा डबा पलीकडे ठेवला की तांत्रिक अडचण नाही. पण जोडणी ज्याच्या नावावर, त्या नेटवरून जे होईल त्याची विचारणा त्यालाच होते. कंपनीच्या अटी वाचाव्यात, महिन्याचा वाटा आधीच ठरवावा आणि दुसऱ्या घराला पाहुण्यांसाठीचे वेगळे नाव, ज्याला 'गेस्ट नेटवर्क' म्हणतात, ते काढून द्यावे. विहिरीच्या पाळीवरून भाऊबंदकी झालेली आपण पाहिली आहे, नेटवरून नको.

वीज, पाऊस आणि गोठा

प्रत्येक डब्याला वीज लागते. लाइट गेली की फायबरचा डबा आणि मेशचा पहिला डबा दोन्ही बंद. बहुतेक डबे १२ व्होल्टवर चालतात, त्यांच्यासाठी छोटे यूपीएस मिळतात. ॲडाप्टरवर छापलेले व्होल्ट यूपीएसशी तंतोतंत जुळलेच पाहिजेत. अँपिअर जास्त असले तर चालतात, कमी असले तर चालत नाहीत. दोन डबे एकाच यूपीएसवर घ्यायचे तर दोघांच्या अँपिअरची बेरीज करून पाहा.

गोठा किंवा मोटारीची खोली घरापासून सुटी असेल, तर उघड्यावरून तांब्याची केबल नेऊ नका. वळवाच्या पावसात वीज कडाडली की ती तारेतून आत शिरते आणि दोन्हीकडची उपकरणे जाळते. सुट्या इमारतीला फायबर न्यावा, किंवा समोरासमोर बसवायचे बाहेरचे बिनतारी जोड घ्यावेत. गोठ्यावरचे स्वस्त कॅमेरे फक्त २.४ च्या पट्ट्यावर चालतात. मेशमध्ये दोन्ही पट्टे एका नावाखाली असल्याने कॅमेरा कधी कधी जोडणी घेत नाही. २.४ चे वेगळे नाव काढायची सोय संचात आहे का, हे घेण्यापूर्वी विचारावे.

बसवल्यानंतर

कंपनीच्या डब्यातले जुने वाय-फाय बंद करा, नाहीतर फोन त्यालाच चिकटून राहतात आणि दोन्ही डबे एकमेकांच्या बोलण्यात अडथळा आणतात. कंपनीचा डबाच नेट वाटण्याचे काम करत असेल, तर मेश 'ॲक्सेस पॉइंट' पद्धतीवर लावा. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडा. पासवर्ड गावाला पाठ असलेला नसावा. मोबाइल नंबर, गट नंबर, मुलाचे नाव ठेवू नका. आपल्या फोनवर आता बँक आहे, ऊस बिलाचा संदेश आहे. पाहुण्यांना आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना गेस्ट नेटवर्कचाच पासवर्ड द्या.

शेवटी, आधी केला होता तसाच नकाशा पुन्हा भरा. जुना आकडा आणि नवा आकडा शेजारी-शेजारी लिहा. मागच्या खोलीत उणे ६७ च्या आत आकडा आणि जोडणीच्या निम्म्याहून जास्त वेग मिळत असेल, तर काम झाले. नसेल, तर परत करण्याची मुदत संपायच्या आत दुकानदाराकडे जा, कागद दाखवा आणि पैसे मागा.

थोडक्यात क्रम असा. पहिले, डब्याजवळ वेग मोजा. दुसरे, घराचा नकाशा करून ताकद मोजा. तिसरे, आहे तो डबा मध्यावर आणि उंचावर घ्या. चौथे, केबलची वाट शोधा. पाचवे, एवढे झाल्यावर दोन डब्यांचा साधा संच आणा. क्रम उलटा केला की खर्च वाढतो.

आपल्या घराचा नकाशा आणि आकडे लिहिलेला कागद घेऊन सभासदांनी गट कार्यालयात यावे. नोंदीच्या कामातून वेळ काढून डबा कुठे ठेवायचा आणि केबल कुठून न्यायची, एवढे सांगायला आमचे कर्मचारी तयार आहेत. येताना चालू हंगामाच्या लागणीची नोंद राहिली असेल तर तीही करून घ्यावी, ही विनंती.